पस्तीस रुपयांचा ब्रश

वीस वर्षं आमच्या परसात एकच रंग होता.
सकाळी लावलेली अबोली दुपारी तांबडी,
कर्दळ तांबडी, दोरीवरची लंगोटी तांबडी,
मांजर तर जन्मलंच होतं तसं
असं पोरांना वाटायचं.
तुळशीला पाणी घालायच्या आधी
मी तिचं पान न् पान ओल्या फडक्यानं पुसायची,
शाळेला निघालेल्या मुलाचं तोंड पुसावं तशी.

वेळग्याच्या रस्त्यावर खाणीचे ट्रक,
एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं नाक.
त्यांतला एक आमचा.
म्हणून कुणी कुरकुरत नव्हतं;
त्या धुळीतच पेज शिजत होती.

मग एका सोमवारी रस्ता गप्प झाला.
आठवडाभर कान दुखले.
दोन महिन्यांनी आंब्याला कळलं
आपण हिरवे आहोत.

आमचा ट्रक फणसाखाली उभा राहिला,
त्याच्या टपात कोंबडीनं दोनदा पिल्लं काढली,
शेवटी तो किलोवर गेला.
भंगारवाला म्हणाला, टायर ठेवा,
गुळगुळीत झालेत, कोण घेतो?
मी बाजूचा आरसाही काढून घेतला
आणि मागचा फाळका,
ज्यावर रोहिदास च्यारीनं दोन मोर काढून
मध्ये लिहिलं होतं : पुन्हा भेटू.

रोहिदासच्या दुकानात आता रंगाच्या डब्यांवर साय धरलेली.
"व्हर गो वयनी," तो म्हणाला,
"हांगा सुकून फातर जातले."
पोपटी, मोरपिशी, शेंदरी,
आणि एक गुलाबी, जो कुठल्याच ट्रकमालकानं
आयुष्यात मागितला नव्हता.

तर टायर रंगवले. त्यांत दहाची फुलं लावली.
एस्पेरांसाच्या तावेर्नातून बाटल्या आणल्या,
तोंडं मातीत खुपसून वाफ्याला कुंपण केलं :
बियरच्या हिरव्या, फेणीच्या पांढऱ्या.
तिन्हीसांजेला ऊन आडवं येतं
तेव्हा सगळा वाफा जरा प्यायल्यासारखा दिसतो.
वाड्यावरच्या पोरांनी नरकासुराला लावून उरलेला
चमकीचा कागद दिला, त्याची भिरभिरी केली.
राक्षसाचं चिलखत माझ्या भेंडीत गरगरतं.
करवंट्या गुलाबी.
त्यांत काय लावायचं ते अजून ठरलेलं नाही.

गुरुदास कळंगुटला हॉटेलच्या फाटकावर उभा असतो,
रविवारी येतो.
आला, तो आपल्याच गडग्यापाशी थबकला,
पत्ता चुकलेल्या माणसासारखा.
"कितले घातले?"
ब्रश पस्तीस. टर्पेंटाइन चाळीस.
सुतळी वीस. बाकी सगळं उरलंसुरलं.

तो हसेल असं वाटलं होतं.
तो मोरपिशी टायरपाशी उकिडवा बसला,
रंगावरून अंगठा फिरवत राहिला,
एका जागी थांबला.
"हा मागचा, डावीकडचा.
उसगावच्या उतारावर फाटला होता.
भरलेला होता ट्रक. हात कापत होते माझे.
तुला कधी सांगितलं नाही."

मी फुलांना पाणी घालत होते.
घालत राहिले, गरज नसताना.

आरसा मी शेवग्याला बांधलाय, रस्त्याकडे तोंड करून.
शिंजीर येतो आणि स्वतःशीच भांडतो,
चोच मारून मारून दमतो, परत येतो.
तो नसला की आरशात मागचा रस्ता दिसतो,
रिकामा, पार वळणापर्यंत.

फाळक्याचं बाक केलं.
गुरुदास नेहमी "पुन्हा"वर बसतो,
"भेटू" माझ्याकडे येतं.

एस्पेरांसा म्हणते खाण सुरू होणार.
दर चतुर्थीला म्हणते, पण या वेळी
तिनं नवी खुर्च्याटेबलं घेतलीत.
ऐकून गुरुदासचा चेहरा उजळला
आणि लगेच त्यानं माझ्याकडे पाहिलं,
मग टायरांकडे.
आम्ही दोघंही काही बोललो नाही.

तुळशीचं ते जुनं फडकं
मी परवा पेटीतून काढलं.
धुतलं. गडग्यावर वाळत घातलंय.