गार बॉनेट

कय्यूम मिस्त्रींची अट एकच:
गाडी बघायची तर सकाळी सहाला.
धुळ्याच्या मे महिन्यात आठनंतर
सगळ्याच गाड्या तापलेल्या,
खऱ्या काय, खोट्या काय.
ते आधी तळहात ठेवतात बॉनेटवर,
तापाच्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
गार लागलं तरच पुढचं बोलणं.

माझ्याकडे भिशीचे एक लाख सत्तर,
पिशवीत सहा रिकामे डबे.
घरी आणखी बेचाळीस.
अकरा वर्षं स्कूटीला लटकवून नेले मी ते
देवपूरच्या होस्टेलांवर, साक्री रोडच्या दवाखान्यात,
कळण्याची भाकरी एका बाजूला,
शेवभाजीचा रस्सा एका बाजूला,
आणि मागच्या भाद्रपदात पांझरेच्या पुलावर
सगळा रस्सा एकदम रस्त्यावर.
तेवीस माणसांना त्या दिवशी
फोन करकरून सांगितलं, आज बाहेर खा.

पहिली लाल.
भाच्याला, भावेशला, बघताक्षणी आवडली.
काळ्या काचा, गाण्यांसाठी हातभर पडदा.
बॉनेट कोमट.
"पहाटे उठून कुणीतरी चालवून ठेवलीय,"
कय्यूमभाई म्हणाले, "सर्दी लपवतेय. चला."

दुसरी पांढरी, आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत.
"डॉक्टरीणबाईंची. दवाखाना ते घर, बस."
मीटरवर एकतीस हजार.
क्लचच्या पेडलचं रबर मात्र झिजून झिजून
खालचं लोखंड चकाकत होतं.
गाडीतलं मला काही कळत नसेल,
पण परातीचा तळ बघून
तिच्यात किती वर्षं पीठ मळलं
ते मी सांगू शकते.

तिसरी राखी. बारा वर्षांची,
म्हणजे पासिंगला तीन उरलेली.
हिलाल आप्पांच्या ओट्यासमोर उभी,
बॉनेट गार, वर चार निंबोळ्या.
आप्पा पाटबंधाऱ्यातले मोजणीदार.
त्यांनी वही काढली:
प्रत्येक लिटर, प्रत्येक किलोमीटर,
ऑइल, पंक्चर,
बायकोच्या माहेरच्या, पारोळ्याच्या खेपा
हिरव्या शाईत.

कय्यूमभाईंनी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावली,
टोक इंजिनाला, डोळे मिटून.
मग रुमालात बांधलेलं लोहचुंबक
एकेका दारावरून फिरवलं.
मागच्या उजव्या दारावर ते घसरलं.
रंगाखाली पत्रा नव्हता, लांबी होती.
मी त्यांच्याकडे पाहिलं.
ते निंबाकडे पाहत होते.

मी मागचं सीट पाडलं, सहा डबे मांडले,
गल्लीतल्या तिन्ही गतिरोधकांवरून न्यायला सांगितली.
ते इंजिन ऐकत होते, मी झाकणं.
दुसऱ्यावर एक झाकण बोललं.
तिसऱ्यावर तेही नाही.

परतलो तर आप्पा उभेच,
चष्मा काढून शर्टाला पुसत.
"बहीन, एक गोठ सांगानी ऱ्हायनी.
लळिंगना घाटमा नालीमा गयथी.
मांगलं दार ठोकेल शे.
मना डोयासनी चूक व्हती.
गाडीनी नही."

वहीत ते पान होतं.
तारीख होती. पुढचा रकाना कोरा.

चुंबक रुमालासकट खिशात गेलं.
"एसीत गॅस भरावा लागेल," कय्यूमभाई म्हणाले,
"दोन टायर. बॅटरी दिवाळीपर्यंत जाईल."
घ्या असं ते म्हणालेच नाहीत,
पण सोडून द्यायच्या गाडीचे टायर
कोण मोजतं?

आप्पांनी एक नव्वद सांगितले होते. एक साठ घेतले.
चावीसोबत वही दिली,
आणि चावी दिल्यावरही
थोडा वेळ दारावर हात ठेवून उभे राहिले,
त्या ठोकलेल्या.

आज वहीत माझ्या अक्षरातली पहिली ओळ:
अठ्ठेचाळीस डबे. नऊ किलोमीटर.
रस्सा जागच्या जागी.

भावेश म्हणतो, मावशी, पडदा तरी लावू.
लावू.
आधी टायर.