दीड इंच माया

खडेबाजारच्या कोपऱ्यावर मी एल होते.
दोन दुकानं सोडून डबल एक्सेल.
गणपत गल्लीत शिरले तर एम,
आणि तोही खांद्यावरून उतरणारा.
मधल्या वेळात पोटात गेला होता
फक्त एक लिंबू सोडा.

ट्रायल रूमचा पडदा चार बोटं तोकडा.
इकडून ओढला की तिकडून बाजार दिसतो.
त्यालाही कुणीतरी माप न घेता आणलेलं.
आरशात मी, डोकं आत अडकलेली,
एक हात वर, एक कुठेतरी अस्तरात,
आणि बाहेरून इरण्णा:
"अक्का, एक धुणं पडलं की सैल होतंय बघा."

याच पोरानं, याच तोंडानं
गेल्या महिन्यात तो ढगळ गुलाबी गळ्यात मारला होता:
"एक धुणं पडलं की आटतंय बघा."
राकसकोपचं पाणी एवढं मनकवडं असेल
असं वाटलं नव्हतं.

मालकांनी गल्ल्यावरून मान वर न करता सांगितलं,
"स्वल्प अडजस्ट माडी."
मी म्हटलं, कुर्त्याला सांगा.

घेतला तरी.
रंगच तसा होता, पिकत आलेल्या काजूबोंडाचा,
आणि खानापुरात भाचीचा साखरपुडा चार दिवसांवर.

वडगावात रात्री माग थांबले
की घरातली घड्याळं ऐकू येतात.
चष्मा लावला, अर्धं ब्लेड घेतलं,
बगलेपासून उसवायला बसले.
हे पांघरुणातून म्हणाले,
"फाडूलालीस की शिवूलालीस?"
"आधी फाडूलाले," म्हटलं. "झोपा."

उसवल्यावर कळलं, आत माया नाहीच.
सुताएवढी कड,
तीही ओव्हरलॉकनं कुरतडलेली.
म्हणजे कंपनीनं ठरवूनच टाकलेलं,
ही बाई आहे तेवढीच राहणार.
बाळंत होणार नाही,
थायरॉइडची गोळी विसरणार नाही,
कुणाच्या घरी आग्रहाला बळी पडणार नाही.

मग ट्रंक उघडली.
लग्नातला हिरवा ब्लाउज, शहापूरच्या मेणसे टेलरांचा.
त्यांच्या वहीत मी कधी एल नव्हते, एम नव्हते,
मी होते छाती तेहतीस, दंड साडेनऊ,
डावा खांदा किंचित खाली.
कपडे देताना म्हणाले होते,
"दीड इंच माया सोडलीया आत. लागंल तशी उसवत जावा."
किती राग आला होता!
हा माणूस मला आत्ताच जाड धरून चाललाय.

तीनदा उसवला तो.
पहिल्या बाळंतपणात, दुसऱ्या बाळंतपणात,
तिसऱ्यांदा कशामुळे ते आठवत नाही.
जुन्या टिपांची भोकं अजून दिसतात,
आणि त्यांच्या पलीकडे
ऊन न लागलेला हिरवा,
अगदी दुकानातला.

पाठीतून दोन चौकोन कापले.
कात्री चालवताना काही वाटलं नाही,
नंतर वाटलं, पण तोवर कापून झालं होतं.
पहिला चौबगला उलटा बसला. ब्लेड.
बॉबिनमध्ये दोरा गुंतला. ब्लेड.
दीड वाजता हात वर करून बघितला:
जातोय.

साखरपुड्यात दिवसभर कोपर अंगाला चिकटून.
वाढताना, अक्षता टाकताना, सगळं कमरेच्या उंचीवरून.
मग फोटोसाठी भाचीनं गळ्यात हात टाकायला लावला,
आणि काजूबोंडाच्या पिवळ्यातून
तळहाताएवढं हिरवं बाहेर आलं.

"अय्या, डिझाइन हाय काय हे?"
जाऊ जवळ येऊन, दोन बोटांनी चाचपून बघत होती.
"मला पण पाहिजे असलं. साइज काय गं?"

मी लेबल आठवायला लागले.
मानेला टोचत होतं,
रात्रीच कापून टाकलं होतं.