सनद

रुवीत, क्लॉक टॉवरच्या मागच्या गल्लीत
मी सनद ऑफिसात अर्ज टाईप करते. नऊ वर्षं झाली.
सनद म्हणजे इथे दुकानाची पाटी :
व्हिसा, झेरॉक्स, फोटो, लेबर कार्ड.
आमच्या साताऱ्यात सनद म्हणजे
वकिलानं फ्रेम करून खुर्चीमागे टांगायची वस्तू.
दोन्हींच्या मध्ये माझी खुर्ची,
एक चाक मोडलेली.

पोलम्मा काल तिसऱ्यांदा आली.
पाच महिन्यांचा पगार नाही,
पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात.
अर्धं तेलुगू, अर्धं अरबी, मधे रडणं.
मी टाईप करत गेले.
रडण्याला अर्जात रकाना नाही.
दुकानमालक खमीस म्हणाला,
अरबीत 'तक्रार' म्हणजे
तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं.
म्हटलं, शेवटी आमच्यातही तेच होतं.

वकील, हक्क, दावा, शर्त, मुदत :
हे शब्द मी आजोळाहून आणले
आणि इथे उतरल्यावर कळलं,
ते तर आपल्याच घरी परत आलेत.
मीच तेवढी पाहुणी.

कोर्सच्या फॉर्मवर मला एक नाव मिळालंय : नॉन-लॉ.
म्हणजे बिनकायद्याची.
बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास,
आणि तरी
सिग्नल तोडताना पकडल्यासारखं वाटलं.

एक कोर्स नऊ महिन्यांचा, मोठ्या नावाचा,
चार हजार दोनशे रियाल. माझे पंधरा पगार.
दुसरा दोन वर्षांचा, शुक्रवार-शनिवार, ऑनलाईन,
हप्त्यानं.
दिगंबर पपई कापत होता.
म्हणाला, इथल्या कोर्टात अरबी लागतं,
वर ओमानी असावं लागतं.
तू उभी कुठे राहणार?
टोमणा नव्हता. भाजी मार्केटात हिशेब लिहितो तो,
बेरीज जुळली नाही की त्याला झोप लागत नाही.
बिया पुसून त्यानं मोठी फोड माझ्याकडे सरकवली.

उत्तर मला अजून माहीत नाही.
कदाचित कुठेच नाही. कदाचित टेबलाच्या याच बाजूला,
फक्त पोलम्माला सांगता येईल
की कपाटातला पासपोर्ट
ही मालकिणीची मर्जी नाही,
आणि सांगताना माझा आवाज
'असं ऐकलंय बाई' असा निघणार नाही.

कॉलेजच्या लॅबमध्ये ब्युरेटखाली
पांढरा फ्लास्क धरून मी तासन्‌तास उभी राहायचे.
थेंब. थेंब. काहीच नाही.
मग एका थेंबानं सगळं गुलाबी.
तो शेवटचा होता, हे
पडून गेल्यावरच कळायचं.
आणि वहीत लिहायचं असायचं त्याआधीचं रीडिंग,
म्हणून आम्ही सगळ्याच थोडं खोटं लिहायचो.

आज जेवणाच्या सुट्टीत, शटर अर्धं खाली असताना,
दोन वर्षांच्या कोर्सचा पहिला हप्ता भरला.
पावती ऑफिसच्याच प्रिंटरमधून निघाली.
खमीसनं न वाचता, सवयीनं
तिच्यावर शिक्का मारला
आणि प्रिंटचे शंभर बैसे मागितले.