शेजारचा श्वास

शुक्रवारी संध्याकाळी चार गावांची माणसं येतात,
सायकली चर्चच्या भिंतीला टेकवून,
ओल्या डगल्यांच्या वासासकट.
ग्रोनिंगनच्या उत्तरेला, बांधाच्या अलीकडे,
बीटाच्या शेतांत हे विटांचं चर्च, जरासं कललेलं.
इथली माती मऊ. ती कुणालाच
फार काळ सरळ उभं राहू देत नाही.

ऑर्गन तीनशे वर्षांचा.
एका नळीत मागच्या वर्षी वटवाघूळ निघालं.
विजेची मोटर आहे, पण हे दोन दिवस
भाता पायानं चालवायचा, अशी रीत.
वीबो चालवतो. वय त्र्याहत्तर.
फळीवर चढतो, वजन टाकतो, खाली येतो,
पुन्हा दुसऱ्या फळीवर.
"प्रभूची स्तुती म्हणजे जिना," म्हणतो,
"फक्त वर पोचायचं नाही."

हिल्के, आमची संचालिका. तिचा नियम एकच:
लांब सूर आला
की शेजारणीबरोबर श्वास घ्यायचा नाही.
ती घेईल तेव्हा तुम्ही धरा,
तुम्ही घ्याल तेव्हा ती धरेल.
ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे
इथे कुणाला फुप्फुसंच नाहीत.

अकरा वर्षं माझ्या डावीकडे फेन्ना होती.
पोस्टात कामाला. खिशात कायम
ज्येष्ठमधाच्या खारट काळ्या गोळ्या.
एकदा खिडकी उघडी ठेवण्यावरून भांडलो,
आठ महिने अबोला.
त्या आठ महिन्यांतही
तिनं घेतला तेव्हा मी धरला,
मी घेतला तेव्हा तिनं.

फेब्रुवारीत गेली.

शनिवारी सकाळी, स्तोत्राच्या शेवटच्या पानावर
ऑर्गन थांबतो आणि आठ मात्रांचा सूर उरतो नुसता आमचा,
तिथे हिल्केनं हात खाली केला.
"दुसऱ्या रांगेत भोक आहे. कोण?"
खर्जातली माणसं आपापल्या बुटांकडे पाहू लागली.
मीच होते.
मी चौथ्या मात्रेला श्वास घेते,
कारण चौथीला फेन्ना धरून असते.

"पुन्हा."
पुन्हा भोक.
तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटून ऐकलं,
वहीत पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं
आणि जेवायला सोडलं.
वाटाण्याचं सूप, काळा पाव.
वीबो बाकावर आडवा, डोळे मिटलेले,
पोटऱ्या मात्र अजून जिना चढत होत्या.

रविवारी माझ्या डावीकडे तियाडा उभी केली.
एकोणीस वर्षांची. रात्री गाय व्याली,
म्हणून डोळ्याला डोळा नाही, बाह्यांना गोठ्याचा वास.
ही कुठेही श्वास घेते, कधीही,
पाण्यातून वर आल्यासारखा, आवाज करून.
चर्च भरलेलं. मागे लहान मुलं.
त्या सुरात, चौथीला,
आम्ही दोघींनी एकदमच घेतला.

कुणाला कळलं नाही.
फक्त मला, आणि हिल्केच्या डाव्या भुवईला.

नंतर टोप्या शोधण्याच्या गडबडीत
तियाडा कानाशी आली:
"तुम्ही कुठे घेता?"
मी खिशात हात घातला. पुडीत दोन गोळ्या होत्या,
फेन्नाच्याच, मऊ पडलेल्या.
एक तिला दिली.
तिनं तोंड वेडंवाकडं केलं, पण थुंकली नाही.

म्हटलं, अजून ठरलं नाही.

बाहेर वीबोला दोघांनी धरून
तीन पायऱ्या उतरवलं.