बेसूर

वेंगुर्ल्याच्या बंदरामागे काजूचं एक रिकामं गोदाम होतं,
त्यावर कंपनीनं पाटी ठोकली: ‘स्टुडिओ’.
बोलपट विनोदी, गाण्यांचा,
नट व्हायला निघालेल्या
आणि दारातूनच परत लावलेल्या माणसांचा.
परत लावायला माणसं इथलीच घेतली,
चार आणे आणि चहा.

बाबली मेस्त्री जत्रेत संकासुर करायचा.
त्याला सांगितलं, अभिनय येत नाही असा अभिनय कर.
तो दोन दिवस नीट जेवला नाही.

माझ्याकडे मायक्रोफोन,
म्हणजे मामाच्या होडीतला बांबू
आणि त्याच्या टोकाला टांगलेला डबा.
हुकूम एकच: समुद्र आत येता कामा नये.
दाभोळेसाहेब ‘शांतता!’ म्हणून ओरडायचे,
गोदाम गप्प व्हायचं, दारातली कुत्रीसुद्धा,
आणि समुद्र आपला घसा खाकरत राहायचा.

तुळसा आरोंदेकरचं काम एका मिनिटाचं.
परीक्षेला आलेली मुलगी बेसूर गाते,
मालक कानात बोटं घालतो,
पेटीवाला खुर्चीवरून पडतो.
तुळसा म्हणाली,
‘सायबानू, ह्यां माका कोणी शिकवूक नाय.’

पण उभी राहिली.
गंधार जरा खाली ओढला,
तर तो कोमल होऊन दुसऱ्याच रागात जाऊन बसला.
मग निषाद दिला वाऱ्यावर सोडून,
तो असा लांबून, गल्लीबोळांतून घरी आला
की कामतमास्तर पडायचं विसरले आणि म्हणाले, ‘वा!’
फिल्म वाया.
साहेबांनी हॅट आपटली.
अकरा वेळा.
चुकण्यासाठी इतकी शिकस्त केलेलं माणूस
मी तरी दुसरं पाहिलं नाही.

बाराव्या खेपेला मुंबईची बोट बंदराबाहेर येऊन उभी राहिली.
भोंगा झाला.
तुळसानं पेटी सोडली, भोंग्याचा स्वर धरला,
जाड, कोळशाचा, गंजक्या पत्र्यासारखा,
आणि असा धरला
की डोक्यावरची कौलं थरथरली.
बोटीला इतक्या वर्षांत कुणी साथ केली नसेल.
पेटी इकडे, ती तिकडे.
कामतमास्तर पडले, खरोखरच पडले.
साहेब नाचायला लागले.

पुढच्या साली मालवणात तंबूत लागला तो.
(आता कुठंच नाही. फिती धुऊन
कुणी बांगड्या केल्या म्हणतात.)
लोक हसून हसून बाकांखाली,
‘काय गाता ती मेली!’
भोंगा त्यात नव्हता.
बंदराकडून आवाज आला तसा
मी बांबू फिरवला होता,
हुकुमाप्रमाणे.

बायकांच्या बाजूला तुळसा होती.
हसली का, दिसलं नाही, पदर तोंडावर होता.
खेळ सुटल्यावर चहाच्या हातगाडीपाशी आली,
एवढंच म्हणाली,
‘विश्राम, भोंगो खंय गेलो रे?’

मी बशीत चहा ओतत होतो.
बशी भरली, तरी ओतत राहिलो.