फळीवरची माणसं

सावद्यात मे महिन्यात रात्री दहा वाजताही
दुकानाचा पत्रा हात लावू देत नाही.
फिरकेंच्या केळी पिकवायच्या चेंबरचा ड्राइव्ह
तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर.
तिसऱ्यांदा तोच ट्रान्झिस्टर,
पोट फुटलेला,
शेजारच्या कपॅसिटरवर काजळी.

"मालच बोगस येतो आता, ताई," टेम्पोवाला म्हणाला.
मी मान डोलावली.
मेलेल्याच्या नावावर बिल फाडणं सोपं असतं.

बाजूचा डायोड मात्र धडधाकट.
मीटर लावला: एका बाजूने आकडा, दुसऱ्या बाजूने गप्प.
पुस्तकात लिहिलंय तसा.
पण मीटर सावकाश विचारतो,
आणि सावकाश विचारलं
तर कोणीही शहाण्यासारखं उत्तर देतं.

नियामतचाचा तडवी
मोतीबिंदू झाल्यापासून बोर्ड वासाने तपासतात.
नाकाशी धरला, खाली ठेवला.
"मेला त्याला काय विचारते?
जिता आहे त्याला विचार."

मग म्हणाले, पोरसवदा होतो,
तेव्हा स्टेशनवर केळी भरायला जायचो.
फलाटापासून वाघिणीच्या दारापर्यंत एक फळी.
फळीवर एकामागे एक माणसं,
प्रत्येकाच्या खांद्यावर घड.
मुकादम शिट्टी मारायचा: बंद!
शिट्टी वाजायला काय लागतं?
पण फळीवर जे चढलेत ते कुठे जातील?
हवेत थोडेच विरतात.
वळायचे, घडासकट,
चिकाने काळे झालेले सदरे एकमेकांना घासत
उलटे उतरायचे,
आणि शेवटचा पाय फलाटावर टेकेपर्यंत
दार उघडंच.

"डायोडचं तेच आहे, बेटा.
आपण म्हणतो, झाला बंद.
आतली माणसं अजून उतरायची असतात."

आणि समोर तेव्हाच
ट्रान्झिस्टर कामाला उभा राहिलेला.
पाचशे साठ व्होल्ट अजून डोक्यावरून उतरलेले नाहीत,
कंप्रेसरचा भार उचलायचाय,
त्यात हा परतणारा लोंढा त्याच्याच अंगावर.
दोन मायक्रोसेकंद.
सेकंदाला आठ हजार वेळा.
रात्रभर.
फुटेल नाही तर काय करेल?

आता जे सांगायचं ते.

तो डायोड मीच बसवलाय.
दिवाळीच्या आधी, जळगावात गोलाणी मार्केट पालथं घालून
फास्ट मिळाला नाही, साधा घेतला.
तेवढाच जाड, तसाच काळा,
अंगावर तोच पांढरा पट्टा.
जुळे भाऊ. एक हाक मारताच वळणारा,
दुसरा जेवण संपवून, पान खाऊन, मग.
आठ रुपये.
चाचांना मी हे सांगितलं नाही.
त्यांना वासाने कळलं असावं,
कारण त्यांनी विचारलंही नाही.

एका मेलेल्या वेल्डिंग मशीनमधून फास्ट डायोड काढला.
गेटचा रेझिस्टर दहाचा बावीस केला,
म्हणजे दार थोडं दमाने उघडेल,
जरा तापेल, तापू दे.
जुन्या स्कोपवर जिथे शिंग उगवत होतं
तिथे आता पुळी राहिली.
पुळी पूर्ण कधीच जात नाही.

पहाटे तीनला फिरकेंचा फोन:
सोळा अंशाला आलं, माल वाचला.
मागे कंप्रेसर घरघरत होता.

बिलबुक उघडलं.
'कारण' या रकान्यात मागच्या दोन पानांवर
माझ्याच अक्षरात: ट्रान्झिस्टर खराब.
तिसऱ्या पानावर लिहिलं: डायोड.
थोड्या वेळाने पुढे लिहिलं: माझा.

चाचा बाकावर झोपलेले, चष्मा छातीवर.
मी गल्ल्यातून नोटा काढून
पुन्हा मोजायला लागले.
मागच्या दोन बिलांचे पैसे
अजून फळीवरच होते.