दुसरा सिलेंडर

बाळकुमला हरेश वैतीच्या गॅरेजात
तीन प्लग वर्तमानपत्रावर मांडलेत.
पहिला नि तिसरा भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे,
मधला ओला, काळा,
पाणी मारून विझवलेल्या काटकीसारखा.

"कॉइलची वायर काढलीय. मॅडम, तुम्ही बसा.
अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण खाली."

मी उजव्या दाराने आत शिरते.

एकोणीस वर्षं मी या गाडीत डावीकडे बसले.
पायाशी जादा क्लच, जादा ब्रेक,
शिकवणीच्या गाडीत डावीकडच्याला एवढंच देतात:
थांबवता येतं, पळवता येत नाही.
"हाफ क्लच… सोडा… हळूऽ… अहो हळू!"
कोलशेतच्या चढावर मागे घरंगळत,
दाताचे डॉक्टर, फुलवाली सुमती, एक निवृत्त तलाठी,
सगळ्यांनी हिला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच घासली.
चौथा हिने क्वचितच पाहिला.

हरेश मधे वाकून गेज पिळतो. "मारा."

मी पेडल तळाला टेकवते.
स्टार्टर धापा टाकतो. आयुष्यात पहिल्यांदा
इतका पाय दिला हिला,
आणि चाकाखाली लाकडाचा ठोकळा.

पहिला एकशे साठ.
तिसरा एकशे पंचावन्न.
दुसऱ्याचा काटा कसाबसा नव्वदला चढला
आणि तिथेच बसला.
हरेशने बॅटरीवर खडूने लिहिलं, नव्वदला गोल केला.

मग सिरिंजमधून चमचाभर तेल
त्या भोकात.
"पुन्हा मारा."

एकशे तीस!

त्याचा चेहरा खुलतो.
"व्हॉल्व्ह नाही. रिंगा गेल्यात."
हे चांगलं की वाईट, मी विचारते.
"तेल आहे तोवर धरेल. तेल जळलं की परत नव्वद."
इंजिन उतरवायचं तर चौदा हजार.
भंगारात दिली तर… तो आकडा सांगत नाही,
हात पुसत बसतो.

पाचला मुग्धा रणदिवे येणार आहे.
परवा पहिल्यांदा तिसऱ्यात गेली
आणि मला म्हणाली, बघितलंत?

प्लग परत बसतात. वायर परत.
चावी फिरवते. तिघांतला एक अर्धा,
तरी लागते, थरथरत.
आरसा बघते, मागे हात करून रिव्हर्स टाकते,
शिकवते तसंच सगळं.

डावीकडे कोणी नाही.
मी क्लच दाबते,
दांडीने जोडलेला तिकडचा क्लचही
आपणहून खाली जातो.